टाकीच्या तळाचे दोन हात

आप्पांच्या घरच्या गंगाबाई, शेटजी, तेलगिरणीतल्या मंडळींनो, पोखर्णीहून आलेल्या पाव्हण्यांनो,

तुम्ही सगळे आलात. मला बोलायला उठवलंत. बोलतो. शिवलिंगआप्पांचा ज्या टाकीत जीव गेला, तिच्या शेजारची टाकी अजून साफ व्हायची आहे. सोमवारी तीत त्यांचा धाकटा भाऊ महादू उतरणार, असं ठरतंय.

मी चौथी शिकलेला. तेलाचं काम मला कोणी शिकवलं नाही. पाहून, चुकून शिकलो. शेंगदाण्याच्या कच्च्या तेलात चिकटा असतो. तेल तापवायचं, शंभर मापांना तीन मापं कढत पाणी घालायचं, हळू ढवळायचं. चिकटा पाणी पिऊन फुगतो, तळाला बसतो. ढवळायला आप्पाच. मला चिडवायचे, "मिस्त्री, तेलाला लेकीवानी न्हाऊ घालायलाव तुमी."

वरचं तेल काढलं की चिकटा त्याच दिवशी उपसायचा. नियम माझा. मोडला कोणी? मीच. नरसिंहाची जत्रा होती, सगळ्यांना गावी जायचं होतं. म्हणालो, आल्यावर काढू. दोन्ही टाक्यांना झाकणं लावली. वैशाखाचं ऊन. आठ दिवस.

परत आल्यावर, विहिरीत सोडतात तसा, हवा बघायला, जमिनीतल्या पहिल्या टाकीत कंदील सोडला. दोर माझ्या हातात. कंदील जळत राहिला.

आप्पा म्हणाले, "दिवा जळायलाय की. जातो."

मी म्हणालो, "जा."

त्यांनी फावडं मारलं. एकदाच. दुसरं ऐकू आलं नाही.

आप्पांना माती दिल्यावर मी दोर मोजला. आठ हात. टाकी दहा हात. खालच्या दोन हातांत कुजल्या चिकट्याचा विषारी वायू साचला होता, ते कंदिलाला कळलंच नाही.

शेटजी म्हणतात, लांब दोर घ्या. शेटजी, तळाशी दिवा जळला तरी फावडं लागताच चिकट्यात कोंडलेला वायू वर येतो. त्याला दोर काय करणार? लांब दांड्याच्या बादलीनं वरूनच उपसू. चार दिवस लागू देत.

महादू, तू मान खाली घालून बसलास. उतरायचं नाही. सकाळी मी त्या दुसऱ्या टाकीच्या झाकणाला कान लावला. आत बुडबुडे फुटायलेत. झाकणाची किल्ली माझ्या खिशात आहे. शेटजींनी मागितली, दिली नाही. मला कामावरून काढलं तरी देणार नाही.

आता आप्पांसाठी उभे राहू. कोणी बोलू नका, खोकू नका. टाकी त्या भिंतीपलीकडंच आहे, बुडबुडे तुम्हालाच ऐकू येतील.