विहीणबाईंना काय म्हणायचं?

पाहुण्याच्या नावाची पाटी धरून टॅक्सीवाला विमानतळाच्या दारापाशी उभा होता. शेजारी एक मास्तर आणि त्यांची बायको परदेशी विहीणबाईंची वाट पाहत होती. टॅक्सीवाल्याचे डोळे दारावर होते. कान मात्र मोकळेच होते.

“इंग्रजी बरी! लहानथोर, सगळ्यांना एकच ‘यू’. स्पॅनिशमध्ये दोन शब्द. मान द्यायचा तर ‘उस्तेद’, नाहीतर आपल्यासारखंच ‘तू’!”

“तूच म्हणा. लेक म्हणाली ना, ‘उस्तेद’ म्हटलंत तर सासूबाईंना परकं वाटेल.”

“पहिल्याच भेटीत विहिणीला अगं-तुगं? उद्या पोरीला ऐकवतील, बापाला वळण नाही म्हणून!”

“काळजी पोरीची आहे, की मास्तरकीची?”

“अगं, जन्मात मी कुठल्या बाईला ‘तू’ म्हटलेलं नाही!”

“आणि मला?”

“तू घरची.”

“मग त्या काय बाजारातल्या?”

“आल्या! त्याच, पिवळा कोट! ‘उस्तेद’ की ‘तू’? लवकर सांग!”

विहीणबाई बॅगा तिथंच टाकून धावत आल्या. मास्तरांना कडकडून मिठी मारून त्यांनी सुनेनं शिकवलेलं मराठी एका दमात म्हणून टाकलं, “अरे, कसा आहेस तू?”

“मजेत!” मास्तर म्हणाले. “एकदम मजेत! आणि तू?”

टॅक्सीवाल्याचा पाहुणा केव्हाचा समोर उभा होता. टॅक्सीवाल्यानं त्याला हातानंच थांबवलं.

“चेहरा बघा कसा फुललाय!” बायको मास्तरांना म्हणाली. “मग आजपासून मीही असंच विचारत जाऊ का, रे?”