नवरदेवाच्या मापाचा सदरा

—न्हाई न्हाई दादा, कातर ठिवा खाली. जरा दम खावा. मशीनला तेल द्या, सुईत दोरा ववा, कायबी करा, पर त्या कापडाला येवढ्यात हात लावू नका. कावून म्हंता? सांगते की. मी कुठं पळून चाललीय — आमा बायांना तर इथंच बशिवलंय, तुमच्या वसरीत, चिंध्यांच्या ढिगापाशी. बाप्ये तिकडं गादीवर, पान खात, लोडाला टेकून. बीडात येवढं मोठं दुकान असंल असं वाटलं नव्हतं बगा मला. चार खण, आन कापड पार आढ्याला लागलंय! सकाळधरनं बघतीय — एक थान काढलं की मागं दुसरं, दुसरं काढलं की तिसरं, भिंत म्हनून काय दिसतच न्हाई. आत यायचं दार कोन्या अंगाला होतं तेबी इसरले मी. आन तो मुनीम थान भिरकावतो, सगळ्या गादीभर उलगडतो, आन लगेच इचारतो, फाडू का? फाडू का? अवो, मानसाला बघू तर दे! पर उठून दुसऱ्या दुकानात जायची सोय न्हाई. आमच्यात तसंच हाय, एकदा गादीवर नारळ ठिवला की बस्ता बांधूनच उठायचं. मधीच उठलं तर अपशकुन. म्हंजे कोंडूनच घ्यायचं की स्वतःला, न्हाई का?

लेक माझी, मुक्ता. तिचाच बस्ता. बारावं वरीस सरलं तिला. घरी हाय, शेजारणीपाशी ठिवून आले — निघताना म्हनली, आई, मला हिरवा खण आन, झाडावरल्या पोपटावानी हिरवा. येवढंच मागितलं पोरीनं. बाकी तिला काय ठावं?

न्हाई, तुमी ऐका. मघा दुकानाच्या सावकारानं तुमच्याकडं गाठोडं फेकलं ना, "धोंडीराम, ह्या मापाची शेरवानी बेत, सांजंपतोर" — ते गाठोडं आमच्याच मालकांनी आणलंय सोयऱ्याच्या घरून. नवरदेव कुठं बस्त्याला येतो? त्याचा जुना सदरा येतो मापाला. तुमी त्यो उलगडला, गजपट्टी लावली, आन पुटपुटलात — छाती सव्वा गज. हळूच म्हनलात, पर मी ऐकलं. सव्वा गज! दादा, मी नवरदेव बघितलाय. माघात आलता ना आमच्या घरी, सुपारी फोडायला. पाटावर बसला तर गुडघं कानाला लागले. मिसरूडबी न्हाई फुटलं. माझ्या हाताची कवळ त्याच्या अंगाला पुरून वर उरंल. लाजून खालीच बघत होता येडं — मला तर मायाच आली त्याची. त्याची छाती सव्वा गज? चार महिन्यात काय त्यानं कोठार गिळलं का काय?

आता म्हनताल, बाई, गडबडीत चुलत्याचा सदरा आला असंल. मीबी तेच म्हनले मनाला. त्यांच्या घरात बाईमानूस न्हाई ना — तसंच सांगितलंय त्यांनी, पोराची आई लहानपनी गेली, हा चुलताच सांभाळतो, भगवानराव. मंग गड्यानं खुंटीवरचा काढून दिला असंल, चुकून. होतं की असं. पर द्या बरं इकडं तो सदरा. ह्ये बगा. तुमी शिंप्याचं मानूस, तुमाला काय सांगू, पर बगा — ह्ये कोपरावरचं रफू. बारीक, येकाशी येक टाका, निगुतीचा हात हाय. आन ह्ये गळ्यापाशी — लांब लांब, तिरपे टाके, आळशी म्हना न्हाईतर आजारी म्हना. दोन बाया हायत ह्या, दादा. दोन येगळ्या बायांनी जपलाय ह्यो सदरा. आन घरात बाईमानूस न्हाई म्हंत्यात! कुठं गेल्या मंग दोघी? ही बारीक टाक्याची कुठं गेली?

आन छातीवर तपकिरीचा डाग. तसं न्हाई... जरा मान वाकडी करून बगा गादीकड. इकडं बघतोय का? न्हाई ना? कडंला बसलाय तो, लोडाला टेकलेला, मोठ्या पागोट्याचा. चिमूट नाकाला लावली बगा आत्ता. त्योच चुलता. घ्या नजरेनं माप. तुमच्या नजरंत गज असतो म्हंत्यात. भरली का सव्वा गज? भरली ना? माघात पोरगा खाली बघत होता आन हाच मुक्तीकड बघत होता. चाल म्हनला पोरी, दोन पावलं. दात दाव म्हनला. मी म्हनलं, घरातला वडीलधारा हाय, इचारनारच. माझ्याच हातानं गूळपानी दिलं त्याला. जळले माझे हात!

मालकांना सांगू म्हंता? त्यांना कसं सांगू वो, चार बाप्यांत? व्याह्यासमोर बाईनं तोंड उघडायचं न्हाई. आन सांगूनबी... मालक तसे वाईट न्हाईत. भोळे हायत. औंदाच नवी जोडी घेतली त्यांनी, आष्टीच्या बाजारातनं, खिल्लार — दारात बांधलीय बगा, तिलाच जुपून आलो आमी. काय देखणी जनावरं! गंमतच झाली सकाळी. आमी उतरलो तर हा भगवानराव म्होरं आला, जीभ टाळ्याला लावली आन म्हनला, "काय पाखऱ्या!" — आन दोन्ही बैलांनी माना वळवल्या त्याच्याकड. येकदम. डावा तर हात चाटाया लागला. मी हासले. म्हनलं, बगा, जनावरालाबी सोयरा कळतो. मालक काय हासले न्हाईत. मालक जू सोडत बसले, खाली मान घालून...

थांबा.

थांबा दादा. आष्टीच्या बाजारातनं आणलेल्या बैलाला ह्याचा हात कसा वळखीचा?

अगं माय. म्हंजे चुकून न्हाई आला ह्यो सदरा. ह्योच यायचा हुता. मालकांनी रात सगळी ह्ये गाठोडं उशाला घेतलं, मला सोडू दिलं न्हाई. शेरवानी अंगाला बसाया नगं का त्याच्या? पोरगं नुसतं दाखवायला आणलं. ऐन टायमाला म्हनतील, पोराला ताप भरला, मुहूर्त टळाया नगं, चुलता हाय की, त्याला उभा करा. आन शेरवानी बराबर बसंल. बसनारच! दोन बैल, दादा. माझ्या मुक्तीचे दोन बैल झाले. आन मी त्याच गाडीत बसून आले, त्यांच्या शेपटीमागं, गानं म्हनत.

खोटं कशाला बोलू, मला मघाच कळाया पायजे हुतं. गाठोडं सुटलं तवाच सदरा दिसला हुता मला. येवढा थोरला सदरा काय दिसत न्हाई? पर त्याच वक्ताला मुनीमानं माझ्या म्होरं इरकली लुगडं टाकलं. जांभळं, रेशमी काठाचं. विहीणबाईला मानाचं, भगवानरावांकडनं. उभ्या जल्मात मी इरकल नेसले न्हाई. मी काठावरनं हात फिरवीत बसले, आन डोळ्याच्या कोपऱ्यातनं तो सदरा दिसत हुता, आन मी म्हनलं, असंल चुलत्याचा, असंल. लुगड्यापायी गप बसले मी. त्यांनी बैल घेतले, मी लुगडं घेतलं. कोन मोठा चोर, सांगा?

आता उठून नको म्हनलं तर बस्ता मोडला. बस्ता मोडला की नाव पोरीचं. वरल्या आळीच्या साखराबाईच्या लेकीचं तसंच झालं, नवरदेवाचा पोशाख बेतला आन सोयरीक फिसकटली, तर आजून तिला "बेतल्याली" म्हंत्यात. आठ वरसं झाली, दारात कुनी उभं ऱ्हात न्हाई. बेतल्यालं कापड काय परत थानात जात न्हाई, तसं हाय ते. म्हनून म्हनले, कातर ठिवा.

काय? सावकार हाका मारतोय? मारू द्या. तुमाला पोरी हायत का, दादा? ... हायत. मला वाटलंच. मघाधरनं तुमी वर बघना झालात.

मंग येक करा. बेता. बेताच आता. पर ह्या मापाचा न्हाई. त्या पोराच्या मापाचा. मी सांगते, माझ्या डोळ्यात बसलंय पोरगं. छाती पाऊण गज, वर दोन बोटं, जास्ती न्हाई. खांदा येवढा, माझी येक वीत आन चार बोटं. हात लांबच हायत त्याचे. आन शिवनीत कापड दाबू नका, उसवून वाढवता येऊ नये. समदं बारीक कापा. आमच्या गावात नवरदेवाला पोशाख मारुतीच्या पाराव चढवत्यात, सगळ्या गावासमोर, आन पोरीच्या दारचाच लागतो, दुसरा चालत न्हाई. चढव म्हनावं सव्वा गजाची छाती! पयली गुंडी तरी लागती का बघू. माझा भाऊ असंल तिथं, अर्जुन, पोरीचा मामा. त्यानं पोराला बघितलंय, आन लई तापट हाय तो. त्यो म्हनंल, ह्यो पोशाख पोराचा, पोरगं आना. बाईचं बोलनं कुनी ऐकत न्हाई, पर शेरवानी काय खोटं बोलंल? आन ह्यानं तरी काय म्हनावं? माझ्या मापाची कावून न्हाई शिवली, असं कुन्या तोंडानं म्हनंल?

सदरा मी नेते, लुगड्याच्या घडीत. तुमच्यावर काय यायचं न्हाई. आलंच तर सांगा, माप बाईनं सांगितलं. नाव इचारलं तर सांगा — नवरीची आई, जानकी. मारलं तर मला मारतील. पाठ हाय माझी, सवय हाय तिला.

आन पोपटी खण फाडायला सांगा येक. तेवढा इसरू नका.

चला, धरा कापड. मी धरते ह्या टोकाला. लावा कातर... हां... हां, अशी... सरळ... झालं. आता ह्ये काय परत थानात जात न्हाई.

मालक इचारत्यात गादीवरनं. तुमी खाली बघा. बोलू नका. मी सांगते.

—बेतलं, वो! समद्यांनी ऐका — नवरदेवाचा पोशाख बेतला!