गौराबाईंनी विचारलेला प्रश्न

आदरणीय अध्यक्ष हरिभाऊ, प्राचार्या सुशीलाताई, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, आणि दाभोसा-वावरहून जीपने आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

एकतीस वर्षं मी इथे जव्हारात जीवशास्त्र शिकवलं. आज निवृत्तीच्या निरोपाला एवढं कौतुक झालं, की खुर्चीत बसवेना. म्हणून कुणालाच न सांगितलेलं एक सांगतो.

आपल्या प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या गौराबाई अनेकांना आठवत असतील. चार वर्षांपूर्वी मी बारावीला विषाणू शिकवत होतो. उदाहरण होतं गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचं. मुलं गेली, बाई फळ्यापुढे थांबल्या.

"सर, त्याच्यापाशी कायच नाय म्हणता, त मंग तो वाढतो कसा?"

मी खुललो! खडू घेतला. म्हटलं, "बाई, त्याच्याकडे फक्त स्वतःचा आराखडा असतो, डीएनएचा. नक्कल करायची हत्यारं, कच्चा माल, सगळं आपल्या पेशीचं. काम थांबवू पाहणाऱ्या पेशीलाही तो पुन्हा कामाला जुंपतो."

बाईंनी फळ्यावरच्या पेशीच्या चित्राकडे बोट केलं.

"म्हंजे माझंच आंग त्याला घडवतंय?"

"अगदी बरोबर!" मी वर शाबासकी दिली. बाई 'आपलं' नाही, 'माझं' म्हणाल्या. हे शिक्षकाच्या कानाला कळू नये? तपासणी आहे, वेळेत गेलं तर उपचार आहेत, हे सांगायचं होतं. घंटा झाली आणि मी पुढच्या तासाला गेलो.

तीन महिन्यांनी त्या प्रयोगशाळेतच कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय. दिवसकार्याला गेलो तेव्हा त्यांची मुलगी रविना म्हणाली, "कधीपास्नं अंगावरून जायचं, सर. दवाखान्यात चल म्हटलं, त आई बोलली, माझंच आंग करतंय, सरांनी दाखवलं. त्याला काय औषध असंल?"

मला तिथे बसवेना, उठवेना.

तेव्हापासून रविना आणि मी सुट्टीच्या दिवशी पाड्यांवर जातो, बायकांना तपासणीला आणतो. मागच्या वर्षी एका पाड्यावरच्या येसूबाईंचा हाच आजार वेळेत सापडला. त्या बऱ्या आहेत. तरीही प्रयोगशाळेत झाडूचा आवाज आला, की माझा खडू थांबतो. कुणीतरी मागे उभं आहे, उरलेलं ऐकायला.

तुम्ही मला सांभाळलंत, आज शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. माझ्या शिकवण्या-वागण्यात जे उणं राहिलं, ते पोटात घाला. या एका चुकीसाठी मात्र मला माफ करू नका. माफ करू शकली असती ती बाई या सभागृहात नाही.