बुटातला कागद

ताई: सत्तेचाळीस! दोनदा मोजले. सत्तेचाळीस जोड! तू माणूस आहेस की गोम?

धाकटा: ताई, आल्या आल्या तोंड सोडू नकोस. आईचं ऑपरेशन झाल्यापासून चार दिवस डोळ्याला डोळा लागलेला नाही माझ्या.

ताई: माझं नको ऐकूस, डॉक्टरीणबाईंचं ऐक. उद्या सकाळी नऊला आईला उभं करायचंय. नीट बसणारे, न घसरणारे बूट आणा म्हणाल्यात. चालायला उशीर झाला, तर कायमची अंथरुणाला खिळेल. म्हणून तिचे बूट न्यायला आले, तर हे कपाट तुझं, ते कपाट तुझं, पलंगाखाली तुझे, फ्रिजच्या डोक्यावर तुझे. आईचे कुठायत?

धाकटा: असतील की दाराशी. तिच्या त्या ह्या...

ताई: कुठल्या त्या ह्या? रंग सांग!

धाकटा: आता ते कोण बघत बसतं?

ताई: बरोबर. बघायला हे सत्तेचाळीस आहेत ना! त्यातले घालतोस किती?

धाकटा: चार... पाच. माझ्या कष्टाचे आहेत, चोरून नाही आणलेले.

ताई: ही पिशवी उघड. आई जिन्यात पडली तेव्हा तिच्या अंगावर जे होतं ते दवाखान्यानं परत दिलंय. उघड म्हणते ना!

धाकटा: हे तर माझे तपकिरी! टाकायला काढले होते मी. तळ पार गुळगुळीत झालाय.

ताई: नऊ नंबर. आईची पावलं एवढीएवढीशी. ती जिन्यावरून हे घालून उतरत होती. मघाशी बघितले आणि तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आत हात घाल.

धाकटा: कागद आहे. पांढरा, पातळ... माझ्या नव्या बुटांतला.

ताई: शाब्बास! आईची चप्पल ओळखता येत नाही, पण कागद बरोब्बर ओळखलास.

धाकटा: थांब जरा. हा दबून अगदी चपटा झालाय.

ताई: मग?

धाकटा: मागच्या महिन्यात मी ओरडलो होतो तिच्यावर. बुटातला कागद काढला की आकार बिघडतो. म्हटलं, तुला गं काय करायचाय हा कागद? सगळ्या वस्तूंना हात लावलाच पाहिजे का?

ताई: काय म्हणाली ती?

धाकटा: "चुकलं बाबा, आता नाही घेणार." मग नाहीच घेतला. हा तेव्हाचाच आहे. दबत दबत गेला, बूट सैल झाले, आणि...

ताई: आणि जिन्यात पायातून निसटला. अरे, लाज वाटते का रे तुला? कागदासाठी ओरडलास? कागदासाठी!

धाकटा: मग तू कुठे होतीस? महिन्यातून एकदा यायचं, चहा प्यायचा आणि शहाणपण शिकवून जायचं! तू कधी वाकून बघितलंस तिच्या पायात काय आहे ते?

ताई: चोराच्या उलट्या बोंबा! तिच्या वाढदिवसाला मी चपला आणल्या होत्या.

धाकटा: त्या? त्या लहान झाल्या तिला. दुसऱ्या दिवशीच कामवाल्या मावशींना दिल्या.

ताई: मला तर म्हणाली, छान बसतात.

धाकटा: बरं, आत्ता निघू. दुकान साडेआठपर्यंत उघडं असतं. तिचा नंबर सांग.

ताई: पाच. नाही, पाच लहान झाल्या ना... सहा असेल. तू सांग की, तू राहतोस तिच्याबरोबर!

धाकटा: मला नाही माहीत.

ताई: माझ्याकडे असं बघू नकोस. मलाही नाही माहीत.

(अर्ध्या तासाने, दवाखान्यात. धाकटा आईच्या पायांशी बसला आहे. हातात बुटाच्या खोक्याचं झाकण आणि पेन्सिल.)

आई: अरे, काय चाललंय? गुदगुल्या होतात मला.

धाकटा: हलू नकोस गं. माप घेतोय. नवे बूट आणतो.

आई: कशाला उगाच? ते तपकिरी आहेत की चांगले.

ताई: फेकून दिले मी ते!

आई: फेकलेस? आणि त्याच्यावर का रागावलीयस? पोराचा चेहरा बघ केवढासा झालाय.

ताई: त्याची बाजू घेऊ नकोस आई, आज तरी नको!

धाकटा: आई, एकदा मला म्हणायचंस तरी, मला एक जोड आण म्हणून.

आई: मनात यायचं रे. पण ठेवायला जागा कुठे होती?