नाव कापलेली पोस्टरं

...आणि कात्री कुठली, तर ब्लाउज बेतायची! तुम्हाला सांगते, मी बी.ए. झालेली मुलगी, दोन वर्षं पोस्टरं जमवतेय. म्हणजे मुंबईत नव्या चित्रकारांची प्रदर्शनं भरतात ना, त्यांचे ते मोठे कागद. वर चित्र, खाली चित्रकाराचं नाव, तारखा. माझी मैत्रीण शहनाज, तिचा भाऊ बशीर तिकडे छापखान्यात आहे, तो सुट्टीत येताना गुंडाळून आणतो. अख्ख्या यवतमाळात दुसऱ्या कोणाकडे नाहीत! पण आमच्या घरात माझं ऐकतं कोण?

झालं काय, उमरखेडचे पाहुणे मला पाहायला येणार. मग भिंतीवर मुलीच्या हातचं काहीतरी नको? मण्यांचा पोपट, लोकरीचा ताजमहाल... मी तर सुईत दोरासुद्धा ओवत नाही! तर आमच्या काकूंनी काय करावं? मी न्हाणीत असताना माझी ट्रंक उघडली, पोस्टरांच्या नावांच्या पट्ट्या कचाकच कापल्या, आणि चित्रं बैठकीत ठोकली. खिळ्यांनी! मी किंचाळले तर म्हणतात, "काहून ओरडून राह्यली वं? दुसऱ्याचं नाव असलं तर तुह्या हातचं कसं सांगू?" अहो, नावासकटच ते पोस्टर! पट्ट्या द्या, चिकटवते... तर पट्ट्या बंबात! माझं पाणी त्यांच्यावरच तापलं होतं! ऐकतं कोण?

पाहुणे बसले. मुलाची आई म्हणते, "ह्या बाईचे दोन्ही डोळे एकाच बाजूले कसे?" काकू गोड आवाजात, "घाईत काढलं जी तिनं." मुलाचे वडील दुसऱ्या चित्रापुढे, "हे गाय आहे का?" आमचे बाबा, वकील माणूस, बेधडक, "गायच! दुभती!" शहर होतं हो ते, शहर! मला राहवेना. उभी राहून स्पष्ट सांगितलं, "यातलं एकही मी काढलेलं नाही." तर मुलाची आई काय म्हणाली? "पोरगी नम्र आहे!" आणि मुलगा? चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता!

चौथ्या दिवशी नकार. बाईचं तोंड जिला धड काढता येत नाही, तिची पोळी काय गोल होणार, म्हणे! मला वाटलं, आता तरी काकू म्हणतील, "माझं चुकलं." त्या कपाळाला हात लावून बाबांना म्हणतात, "मी तरी किती झाकू? पोरीनं जरा नीट नाही काढावं?"

ऐकतं कोण... सोमवारपासून ड्रॉइंगची शिकवणी लावलीय मला. काल कळशी काढली. काकू खूश. म्हणाल्या, "पाह्य, मन लावलं की जमते ना!"