कोर्ट उठेपर्यंत

धर्मेंद्र : स्वप्निल ढगे. टाक ना नाव. काऊन थांबली?

आचल : दादा, तुझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव आहे ते. रक्षाताईला समजलं तर माझ्या नावानं खडे फोडेल.

धर्मेंद्र : समजन कसं? दुकानात तू आन मी. आन तूच म्हणे ना, कोर्टाचं रेकॉर्ड मोबाइलवर कोणालेही पाहता येते? चुलत बहीण वकील असून मंग फायदा काय?

आचल : पाहता येते. पण तू कशासाठी पाहून राह्यला, ते सांग आधी.

धर्मेंद्र : उद्या नवी गाडी पूजेले केळझरच्या गणपतीले चालली. देवळीपासून तं केळझरपर्यंत स्टेअरिंगवर कोण? जवाई! बाबा म्हणते, पहिली फेरी जवायाच्या हातानं होऊ दे. शोरूममधून गाडी मी आणली, नंबरसाठी चकरा मी मारल्या. पोरगा काय मेला का घरातला?

आचल : लाडानं म्हणाले असतील मोठेबाबा.

धर्मेंद्र : तेच तं! माह्याशी लाडानं कधी बोलले ते? त्याच्या गाडीत बसले की पुढच्या सीटवर बसून जाम गावापर्यंत गप्पा. माह्या गाडीत बसले की मागं. खिडकीतून लोकायच्या वावरातल्या पऱ्हाट्या पाहत राहते. मले जळते, आचल. तुह्यापासून काय लपवू, पोटात जळते.

आचल : जावई म्हणजे पाहुणा. पाहुण्याचं कौतुक होतेच.

धर्मेंद्र : पाहुणा दोन दिवसाचा असते. हा लग्न झाल्यापासून कौतुकच खाऊन राह्यला. आन मी? घर की मुर्गी दाल बराबर. टाक नाव.

आचल : तुला सांगितलं कोणी पण, की त्याच्यावर केस आहे?

धर्मेंद्र : माह्या दोस्तानं, मोतीलालनं. दोन वर्षाआधी त्यानं आपल्या डोळ्यानं पाह्यलं, जवाई पोलिसाच्या मशीनमध्ये फुंकून राह्यलते. एवढे दिवस पोटात ठेवलं त्यानं. परवा चहा पेता पेता बोलून गेला.

आचल : बरं. वर्धा जिल्हा... नाव... वर्ष... साइट विचारते ती ही वाकडीतिकडी अक्षरं एकदा ओळखू दे... चालू केसेसमध्ये नाही. निकाली लागलेल्यांत पाहते... नाही, दादा. काहीच नाही.

धर्मेंद्र : नाई कसं? पुन्हा पाह्य.

आचल : वर्धा पाहिलं, पुलगाव पाहिलं, हिंगणघाट पाहिलं. मोतीलालनं पाहिलं कुठं त्यांना?

धर्मेंद्र : वर्धा नदीच्या पलीकडं. कळंबच्या रस्त्यावर.

आचल : मग आधी सांगायचं ना! आपला जिल्हा दारूबंदीचा. इथले लोक पितात नदीपलीकडे, सापडतात नदीपलीकडे, आणि तू खटला शोधतो वर्ध्यात. जिथं पकडलं तिथलं कोर्ट असते, दादा. यवतमाळ जिल्हा टाकावा लागेल.

धर्मेंद्र : टाक. मले काय, कोणताही जिल्हा चालते.

आचल : थांब... हं. स्वप्निल ढगे. मोटार वाहन कायदा, कलम एकशे पंच्याऐंशी. दारू पिऊन गाडी चालवणं.

धर्मेंद्र : सापडला! सापडला ना बाप्पा! सजा किती असते याले?

आचल : पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दहा हजार दंड, नाहीतर दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर पंधरा हजार, नाहीतर दोन्ही. लायसन्सही जाऊ शकते काही महिने.

धर्मेंद्र : आन याले काय झालं?

आचल : कोर्टाच्या पहिल्याच पेशीला गुन्हा कबूल केला. दंड, आणि... कोर्ट उठेपर्यंत कैद.

धर्मेंद्र : कैद! जेलात जाऊन आला, आन दसऱ्याले माह्या घरी येऊन सोनं वाटून राह्यलता!

आचल : जेल नाही, दादा. कोर्ट उठेपर्यंत म्हणजे जज साहेब संध्याकाळी खुर्चीवरून उठेपर्यंत. तोपर्यंत आरोपीनं तिथंच कोर्टात बसून राहायचं. साहेब उठले की हा मोकळा.

धर्मेंद्र : बस? मास्तर वर्गाबाहेर उभं करते तसं?

आचल : तसंच समज. पण लाज वाटते माणसाला. दिवसभर येणारा-जाणारा पाहत राहतो.

धर्मेंद्र : मले 'कैद' एवढा शब्द पुरे आहे. फोटो काढ त्याचा. बाबाले दाखवतो.

आचल : आता वकील म्हणून नाही, बहीण म्हणून सांगते. एकदा दाखवलं की परत घेता येणार नाही. रक्षाताईचं घर आहे ते.

धर्मेंद्र : आन माहं? मी आजवर थेंब नाई घेतला. होळीले नाई, कोणाच्या वरातीत नाई. कोणी म्हटलं का कधी, शाबास धर्मेंद्र? न पेणाऱ्याचं रेकॉर्ड कोणत्या कोर्टात राहते, सांग ना मले. तेही शोधून दे.

आचल : दादा, हळू. मागं पाहा.

(धर्मेंद्रचे वडील महादेवराव दुकानाच्या पायरीवर उभे आहेत. हातात नव्या गाडीची चाबी.)

महादेवराव : काय पाहून राह्यले बावा दोघं?

धर्मेंद्र : तुमच्या जवायाची करणी. आचल, दाखव.

आचल : मोठेबाबा, मी नको म्हणत होती...

महादेवराव : चष्मा नाई माह्याजवळ. वाचून सांग.

धर्मेंद्र : मी सांगतो ना. दारू पेऊन गाडी चालवली. गुन्हा कबूल. कोर्ट उठेपर्यंत कैद. अशा माणसाच्या हातात तुम्ही देवाले चाललेली गाडी देता आन घरचा पोरगा मागं बसवता.

महादेवराव : तो बाक लय अरुंद होता.

धर्मेंद्र : कोणता बाक?

महादेवराव : कोर्टातला. पाय लांबवता येत नोहते. माहे गुडघे धरले पार.

आचल : तुम्ही गेले होते त्यांच्यासोबत?

महादेवराव : पकडलं तवा पयला फोन मलेच आलता त्याचा. 'बाबा, चूक झाली' म्हने. दोस्ताच्या घरी बारसं होतं, तिकडं घेतली. फोनवर रडे. पेशीच्या दिवशी मी म्हनलं, एकटा कायले जातं, मी येतो. साहेब उठेपर्यंत बसलो.

आचल : आणि रक्षाताई?

महादेवराव : तिले त्यानंच सांगितलं, त्याच दिवशी. चार दिवस बोलली नाई ती त्याच्याशी. बरोबरच केलं.

धर्मेंद्र : थांबा. म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलते तुम्ही, तो दिवस? मी म्हटलं गाडीनं सोडून देतो, तं तुम्ही म्हटलं, नोको, बसनं जातो.

महादेवराव : खोटं बोललो तुह्याशी.

धर्मेंद्र : माह्याशी खोटं बोलून त्याच्या बाजूले दिवसभर बसले! माह्या बाजूले घंटाभर तरी बसले का कधी? हे दुकान उघडलं त्या दिवशी नारळ फोडला आन चालले गेले वावरात. पेढाही उभ्या उभ्या खाल्ला. मी गुन्हा केला असता तं बसले असते?

महादेवराव : बसलो असतो. पन तू फोन केला असता का मले? सांग ना. तुले शुगर निघाली, ते मले औषधवाल्या नत्थूनं सांगितलं. तुले इचारलं तं म्हने, 'ठीक आहे.' दुकानाचं इचारलं, 'ठीक आहे.' सूनबाईचं इचारलं, 'ठीक आहे.' ठीक असलेल्या मानसाजवळ बसून बापानं काय करावं?

धर्मेंद्र : ठीक नोहतो मी.

महादेवराव : आज सांगून राह्यला.

धर्मेंद्र : तुम्हाले कळायले पाह्यजे होतं. बाप आहे ना तुम्ही?

महादेवराव : पाह्यजे होतं. नाई कळलं. हे घे, चाबी.

धर्मेंद्र : मले? जवाई चालवणार होते ना.

महादेवराव : सकाळी फोन आलता त्याचा. म्हने, 'बाबा, देवाच्या गाडीले पयला हात माहा नोको. धर्मेंद्रभाऊले द्या.'

धर्मेंद्र : म्हणजे चाबीही त्यानंच देल्ली मले.

आचल : दादा, घे आता मुकाट्यानं.

धर्मेंद्र : घेतो. पण जळणं गेलं नाई माहं. सांगून ठेवतो दोघायले.

महादेवराव : राहू दे. एका दिवसात थोडीच जाते.

आचल : हे बंद करू ना मी, दादा? फोटो नको ना?

धर्मेंद्र : कर बंद... बाबा, उद्या तुम्ही कुठं बसान? मागंच?

महादेवराव : मले मागं बसाचा काय शौक आहे? तुह्या गाडीत पुढच्या सीटवर तुही बॅग रायते. पावत्या, डबा, चार्जर, सारा बाजार. तू कधी उचलली नाई, मी कधी म्हनलं नाई.

धर्मेंद्र : एवढ्यासाठी?

महादेवराव : एवढ्यासाठीच.

धर्मेंद्र : आन उद्या जवाई कुठं बसन?

महादेवराव : मागं.

धर्मेंद्र : मंग बॅग त्याच्या मांडीवर देतो.