यामादासानची कॅसेट

...आणि वर मलाच म्हणतो, "बाबा, तुम्हाला नाही कळायचं ते, जपानी आहे!" अरे? मला? ज्या माणसाने नागोयाच्या कारखान्यात वर्षभर पायाचे तुकडे पडेस्तोवर उभं राहून काम केलं, त्याला? तुम्हाला सांगतो, पोराने बापाला अक्कल शिकवावी याचं मला काही नाही, पोरांची ती रीतच आहे, पण बापाच्याच गाण्यावरून शिकवावी? सांगायला गेलो मी. पण ऐकतंय कोण!

थांबा, नीट सांगतो. आम्ही दिंडोशीला, कॉलनीत. मी, आमची कुंदा, मुलगा मिहिर, सून गंधाली. मी फिटर, आता रिटायर. त्र्याऐंशी साली आमच्या कंपनीचा जपान्यांशी करार झाला आणि मला ट्रेनिंगला धाडलं. तिथे फोरमन कोण, तर यामादासान, म्हणजे आपल्याकडचे यामादाराव! दिवसभर नुसता गुरगुरायचा. नट जरा जास्त पिळला की "नंदूसान!" असा ओरडायचा, की चालू मशीन बंद पडावं. आणि संध्याकाळी? दोन पेले पोटात गेले की तोच यामादा टेप लावून ढसाढसा रडायचा! कशावर? तर त्याच्या तरुणपणीचा एक बँड. पाच पोरं, कपाळावर झिपऱ्या, गळ्यात गिटारी, सगळ्यांचे कोट एकसारखे, आपल्याकडे वरातीत असतात ना, तसे. आणि गाणी काय, तर बंदर, धुकं, सुटणारी बोट, आणि धक्क्यावर उभी राहिलेली ती. दुसरं गाणं? तेच, फक्त पाऊस जास्त! पहिल्यांदा हसलो हो मी. पण मी माणूस मूळचा मालवणचा, बोट सुटणं म्हणजे काय ते मला जपान्याने शिकवायला हवं होतं?

आणि मग तार आली. बाबा गेले. गिरणीचा संप, घरी बसलेला माणूस, बसल्या बसल्या गेला... तार हातात पडली तेव्हा इथे अग्नी देऊन झालेला. साहेब म्हणाला, "जायचं तर जा, पण नोकरीवर परत येऊ नकोस." राहिलो. काय करणार? त्या संध्याकाळी यामादा खोलीवर आला. त्याला इंग्रजी नाही, मला जपानी जेमतेम. बूट काढले, टेप खाली ठेवला, ते बंदराचं गाणं लावलं आणि माझ्या शेजारी बसून राहिला. गाणं संपलं की उठायचा, रिवाइंड करायचा, परत लावायचा. माझ्या बापाचं सुतक माझ्याबरोबर कोणी पाळलं असेल, तर त्या माणसाने. मी इकडे यायला निघालो, तेव्हा ती कॅसेट माझ्या हातात दिली त्याने.

एवढंच मला घरी सांगायचं होतं. एवढंच! आधी गाणं लावायचं, मग सांगायचं. नुसतं सांगून कोणाला कळणार? पण ऐकतंय कोण!

आल्या आल्या लावली, तर आई ओरडली, "ह्यां काय लायलंस रे झिला? कोण मेलो काय?" आता आईला काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा! केली बंद. लग्न झालं, म्हटलं बायकोला सांगू. लावली. तर कुंदा आतून, "अहो, बंद करा ते रडगाणं, दिवेलागणीची वेळ आहे!" बरं, दुपारी लावली. "अहो, बाळ झोपलंय!" बाळ उठलं, मोठं झालं, तर "अहो, त्याची दहावी आहे!" रविवारी लावावी, तर शेजारच्या सुगंधावहिनी भिंतीपलीकडून विचारतात, "भाऊजी, मिक्सर बिघडलाय का हो?" मिक्सर! चाळीस वर्षं, तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं आमच्या घरी ती बोट धक्क्यावरून सुटलीच नाही!

आणि एक दिवस बाल्कनीत बघतो, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी चकचकीत फीत ताणलेली, वाऱ्यावर फडफडतेय. म्हटलं, "कुंदा, हे काय गं?" तर म्हणते कशी, "कबुतरं फार घाण करतात ना, असं चमकलं की येत नाहीत. ती तुमची जपानी कॅसेट हो, नाहीतरी कोण ऐकतंय!" वाट लागली! माझा यामादा दांडीवर वाळत घातला! आणि कबुतरं खरंच फिरकली नाहीत. म्हणजे तीसुद्धा ऐकेनात!

आता परवा हा मिहिर येतो, तोंड उजळलेलं. "बाबा, अंधेरीला एक झकास जागा आहे, लोक बसून जुन्या जपानी रेकॉर्ड्स ऐकतात, काय साउंड आहे यार! एक बँड आहे, तुम्हाला माहीत नसेल..." आणि फोनवर फोटो दाखवला. तेच! झिपऱ्या, कोट, सगळं तेच! म्हटलं, "अरे, हे तर..." पुढचं तुम्हाला सांगितलंच, मला नाही कळायचं, जपानी आहे!

तरी गेलो. हावरटासारखा गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, कुंदाला पण नेलं. म्हटलं, आज गाणं पुरतं होईल, आज हिला सांगेन. तर दारातच एक अंबाडा बांधलेला दाढीवाला पोरगा, "अंकल, शूज बाहेर. फोन सायलेंट. आणि नो टॉकिंग हं, इथे आपण फक्त ऐकतो." फक्त ऐकतात! जन्मभर ऐकणारी माणसं शोधली, ती खोलीभर सापडली, आणि तिथे तोंड उघडायची बंदी!

लागलं. तेच लागलं. गिटार, धुकं, धक्का... मला राहवेना. कुंदाच्या कानाशी वाकलो, म्हटलं, "अगं, बाबा गेले ना, तेव्हा..." "शूऽऽ, अंकल!" चारी बाजूंनी. आणि कुंदा? तिने तर कोपर मारलं! "गप्प बसा हो, ऐकू द्या!"

बसलो गप्प. गाणं संपलं. बोट गेली एकदाची. बघतो तर कुंदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पदराने पुसतेय आणि माझ्याकडे रागाने बघतेय. म्हणते, "शब्द कळत नाही, पण पोटात कसं तुटतं हो! चाळीस वर्षं संसार केला तुमच्याशी, असं एखादं गाणं घरी लावावंसं नाही वाटलं कधी तुम्हाला?"

म्हटलं, "राहूनच गेलं गं."